उजव्या हाताचा पंखा

दि. ९ जानेवारी

चि. बारक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. चार ओळी, त्यातल्या दोन हवामानाच्या. तुझ्या मोटर-वाइंडिंगच्या दुकानात तांब्याची तार मोजून वापरतात हे ठाऊक होतं, शब्दही मोजून वापरतात हे आता कळलं. फोन करावा, तर बावीस वर्षं इंजिनाला कान लावून बसलेल्या माणसाला तो ऐकू जात नाही. मी ओरडलो की तुझी वहिनी शेजारच्यांना काय वाटेल म्हणून खिडक्या लावते. तेव्हा पत्रच बरं.

कामाचं लिहितो. मी टगबोट बनवतोय. दचकू नकोस, अडीच फुटांचीच आहे. आपण दोघं चालवायचो ती म्हैस! तीच काळी पाठ, तीच आखूड चिमणी, पुढे तेच जुने टायर बांधलेले. टायर मी सायकलच्या ट्यूबचे कापून केलेत, वहिनी म्हणते तेवढेच खरे दिसतात.

आपल्या डेकवरच्या लंबूसाठी करतोय. त्याचा पाय गेल्यापासून तो घरी बसून दोरखंडाची पायपुसणी विणतो. महिन्यातून दोनदा मी त्याच्याकडे जातो हे तुला माहीत आहे. तो एवढ्यात तळमजल्यावर राहायला गेलाय, खिडकीतून बागेतलं तळं दिसतं. मागच्या खेपेला सहज म्हणाला, की म्हैस भंगारात गेली तेव्हा तिला बघायलाही जाता आलं नाही, एकदा तरी तिला काही ओढताना बघायला हवं होतं. एकोणीस वर्षांत त्याने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. माझ्या हातून त्याचं जे झालं त्यापुढे हे काय आहे?

आता घोडं कुठे पेंड खातंय ते सांगतो. दुकानदाराने जी मोटर दिली ती नुसती किंचाळते. तिला दोन पात्यांचा अंगठ्याएवढा पंखा आहे. मोठ्या टबात सोडली तर साबणासारखा फेस, आणि बोट जागची हलत नाही. मागे लाकडाचा ठोकळा बांधला तर मोटरला हात लावला की चटका. तुझी वहिनी म्हणाली, निदान कपडे तरी धुऊन घ्या तिच्याकडून. म्हणून तुला शरण आलोय. कुठली मोटर, केवढा पंखा, सगळं नीट लिही.

घरच्यांना आशीर्वाद. आठवण काढतोसच, ती चार ओळींपेक्षा लांब काढ.

तुझा,
दादा


दि. १८ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून खूप हसलो. तुला हवा होता रेडा आणि दुकानदाराने गळ्यात बांधला शर्यतीचा घोडा. ती मोटर पळणाऱ्या होड्यांची. मिनिटाला वीस हजार फेरे मारते, पण अंगात जोर नाही. लहान पंखा इतका वेगाने फिरला की पाणी पकडतच नाही, नुसतं घुसळतो. टगला वेग नको, रेटा हवा. मोठा पंखा, सावकाश फिरणारा.

मी पार्सल करतोय ते असं. बारा व्होल्टची जाड मोटर, ब्रश मीच नवे घातलेत. पुढे तीनास एक गिअर, म्हणजे मोटरचे तीन फेरे झाले की पंख्याचा एक. रिमोटवर वेग कमी-जास्त करणारा डबा पाठवतोय, तो पुढे-मागे दोन्हीकडे हळू सुरू होतो, झटका देत नाही. पंखा चार पात्यांचा, पंचावन्न मिलिमीटरचा लागेल. पात्याचं टोक आणि बोटीचा तळ यांत करंगळी जाईल एवढी जागा ठेव, नाहीतर थरथरेल. पंखा तू तिकडेच घे, इथे चांगले मिळत नाहीत.

रेटा मोजायचा तर बोटीच्या मागे स्प्रिंगचा काटा बांध, दुसरं टोक नळाला, आणि टबात फुल सोड. काट्यावर वजन दिसेल. दहा सेकंदांच्या वर धरू नकोस. मीटर लावून करंट बघ. पाच अँपिअरच्या वर गेला तर पंखा लहान कर, फ्यूज मोठा करू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे म्हणून लिहिलं. आणि बॅटरी तळाशी, मधोमध, जड असली तरी चालेल. म्हैस पाण्यात जेवढी बसेल तेवढी चांगली ओढते.

लंबूला माझा नमस्कार सांग. किंवा राहू दे, नको सांगूस.

वहिनीला नमस्कार. माझ्याकडून काही राहिलं असेल तर पोटात घाल.

तुझा,
बारक्या


दि. ३ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पार्सल मिळालं, गिअर बसवला. अरे, काय आवाज आहे! नुसता घुमतो, आपल्या म्हशीसारखाच. साडेचार अँपिअरला पाऊण किलो रेटा. आधीची ती किंचाळणारी दीडशे ग्रॅमच्या वर गेली नव्हती. काल बागेतल्या तळ्यात तिने पाण्याने भरलेला लाकडी खोका ओढला. तळ्याकाठचा माळी खुरपं टाकून बघत उभा राहिला. तुझे हात धरून नाचावंसं वाटलं.

पंखा घेताना गंमत झाली. दुकानदाराने विचारलं, उजव्या हाताचा देऊ की डाव्या, म्हणजे उजवीकडे फिरणारा की डावीकडे. मी म्हटलं, हे मला विचारता? म्हशीचा पंखा उजव्या हाताचा होता. मागे फुल दिलं की तिची पिछाडी आपसूक डावीकडे सरकायची. उजवीकडे धक्का असला की मागे फुल द्यायचं, ती अलगद धक्क्यापासून लांब. हे माझ्या डोक्याला नाही, मनगटाला पाठ होतं.

आणि तरी त्या दिवशी ती धक्क्यावर गेली. लंबू दोर घेऊन उजव्या कठड्यावर, एक पाय बाहेर. मी मागे फुल मागितलं, तू दिलंस, आणि पिछाडी धक्क्यावर आली. चौकशीत मी सांगून टाकलं की माझा अंदाज चुकला. दुसरं काय सांगणार? पण कुठे चुकला ते मला आजही कळलेलं नाही. म्हणून ठरवलंय, लंबूकडे नेण्याआधी तळ्याच्या काठाला तसंच येऊन बघायचं, पुन्हा पुन्हा, चूक सापडेपर्यंत.

एकच विचारायचं आहे. त्याच सकाळी ती गोदीतून दुरुस्त होऊन आली होती. पंखा तोच होता ना? मापात काही फरक असेल तर कळव, म्हणजे इथेही तसाच लावतो.

वाट बघतोय. उशीर करू नकोस.

तुझा,
दादा


दि. २१ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

उशीर झाला. हे चौथं पत्र, आधीची तीन फाडली.

दादा, पंखा तो नव्हता. गोदीत जुना गिअरबॉक्स दुरुस्त होईना म्हणून त्यांनी दुसरा बसवला. तो शाफ्ट उलटा फिरवणारा होता. म्हणून पंखाही डाव्या हाताचा घातला. मागे फुल दिल्यावर तिची पिछाडी उजवीकडे जाणार होती. तुझ्या मनगटाने काहीही चूक केली नाही. तुला जे पाठ होतं ते बरोबर होतं, बोट दुसरी होती.

मला हे आदल्या दिवसापासून माहीत होतं. गोदीच्या कागदावर सही माझी होती, आणि तुला सांगायचं कामही माझंच.

का सांगितलं नाही ते लिहितो. आदल्या दिवशी गोदीत पाना सापडत नव्हता म्हणून तू मला सगळ्यांसमोर म्हणालास की इंजिनात तेल कमी आणि माझ्या डोक्यात भुसा जास्त. सगळे हसले, लंबूसुद्धा. मला ते फार लागलं. मनात म्हटलं, एवढा शहाणा आहे ना, तर विचारू दे. विचारलं तरच सांगायचं. सकाळी दुसऱ्या टगने आपल्याला गोदीतून ओढून बाहेर काढलं, तेव्हा मागे जायची वेळ आलीच नाही. मग तू बोलनळीतून विचारलंस, खाली सगळं ठीक आहे ना. मी ठीक म्हणालो. दहा मिनिटांनी सांगू, जरा गोंधळू दे, असं मनात होतं. दहा मिनिटं मिळाली नाहीत.

चौकशीत मला इंजिनाचं विचारलं, मी इंजिनाचंच सांगितलं. तू सगळं अंगावर घेतलंस आणि मी घेऊ दिलं. आधी नोकरीची भीती होती. नंतर तुझ्या तोंडाकडे बघण्याची. दर वर्षी ठरवून यायचो आणि हवामानाचं बोलून जायचो.

तुझा परवाना गेला तो माझ्यामुळे. लंबूचा पाय गेला तो माझ्यामुळे. माफी मागायला मला तोंड नाही. पंखा मात्र डाव्या हाताचा घे, आणि मोटरच्या दोन तारा उलट जोड.

तुझा म्हणवून घ्यावं की नाही कळत नाही,
बारक्या


दि. ८ मार्च

चि. भाऊजींस,
अनेक आशीर्वाद.

यांनी तुमचं पत्र वाचून माझ्या हातात दिलं आणि चपला घालून निघाले. मला वाटलं स्टेशनवर, तुमच्याकडे. ते दुकानात गेले आणि डाव्या हाताचा पंखा घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं तळ्यावर गेलो. काठावर एक वीट ठेवली, तिच्यावर माझी बांगड्यांची डबी, लंबूच्या जागी. आधी उजवा पंखा. बोट विटेशेजारी आली, मागे फुल दिलं, पिछाडी अलगद बाहेर. मग तारा बदलून डावा. त्याच जागेवरून आली, तसंच मागे फुल, आणि पिछाडी सरळ विटेवर. डबी पाण्यात. यांनी अकरा वेळा करून बघितलं. मग गवतावर बसले ते तासभर उठले नाहीत. पाणी गार होतं, बोट मीच बाहेर काढली.

भाऊजी, तुम्हाला रागाने लिहितेय, समजून घ्या. नोकरी गेली त्याचं मला फारसं काही नाही, गोदामात का होईना काम मिळालं. पण ज्या माणसाने दोनशे फुटी जहाजं फिरवली तो स्वतःच्या नातीची बाबागाडी धरत नाही. उतार आला की दांडा माझ्या हातात देतो आणि शेजारून चालतो. मुलीला सायकल शिकवायची होती, ती मी शिकवली. त्या माणसाला स्वतःचेच हात बोचायचे. तुम्ही दर वर्षी येऊन आमच्याकडे चहा प्यायचात आणि खाली बघायचात. मी म्हणायचे, भावाचं दुःख भावालाच कळतं!

हे म्हणतात, लंबूला तुम्हीच सांगायचं. ते तुमच्या वतीने एक शब्द बोलणार नाहीत. एकवीस तारखेला रविवार आहे. या. आमच्याकडेच उतरा. जेवायला वाढीन. बोलेनच असं धरून चालू नका.

तुमची,
वहिनी


दि. ४ एप्रिल

चि. बारक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू लंबूच्या घरून उठून थेट स्टेशनवर गेलास, म्हणून पुढचं तुला ठाऊक नाही. ते लिहायला हवं.

तू सगळं नीट सांगितलंस. काही लपवलं नाहीस, माझ्या त्या भुशाच्या बोलण्याचा आडोसाही घेतला नाहीस. मी शेजारी बसून ऐकत होतो. लंबूने एवढंच विचारलं की तो हसला होता म्हणून का. तू हो म्हणालास. तिथे मला वाटलं की तू खोटं बोलायला हवं होतंस, आणि लगेच वाटलं की बरं झालं बोलला नाहीस.

तू गेल्यावर तो बराच वेळ विणत राहिला. मग मला म्हणाला, की इतकी वर्षं मी येऊन बसायचो तेव्हा तो मला मनातून क्षमा करत आलाय, दर खेपेला थोडी थोडी. आता ती सगळी वाया गेली. ती तुला देता येईल का, ते त्याला सांगता येत नाही. निदान सध्या तू येऊ नकोस म्हणाला. बोट मात्र ठेवून घेतली. मंगळवारी सुनेने त्याची खुर्ची तळ्यावर नेली. मी म्हैस सोडली, मागे खोका बांधला. त्याने पूर्ण फेरी बघितली आणि रिमोट माझ्याकडून स्वतःच्या हातात घेतला. पंखा उजव्या हाताचाच लावलाय. माझ्या हातात ती कायम तशीच होती, त्या एका दिवसासाठी मी तिला डावी करणार नाही.

आता माझं. तुला माफ केलं असं लिहायला तीनदा बसलो आणि तिन्ही वेळा खोडलं, कारण ते खरं नाही. आज तरी नाही. तू लहान असताना ताप आला की मी तुझ्या उशाशी बसायचो, तोच तू, हे मनाला पटवताना दमायला होतं. चौकशीत मी सगळं अंगावर घेतलं, त्यात एक कारण तू होतास. मला वाटलं होतं, इंजिनाने उशीर केला असेल तर बारक्या अडकेल. इंजिनाचा दोष निघू नये म्हणून मी माझा सांगितला. म्हणजे तुला वाचवताना मी स्वतःवरचा विश्वास देऊन बसलो, आणि तुझ्याकडे तो परत करायची किल्ली होती. हे तुला टोचावं म्हणूनच लिहितोय.

पण परवा खाडीपलीकडे जायचं होतं. तरीवाला जुना ओळखीचा, त्याने विचारलं, चालवणार का. दर वेळी विचारतो, दर वेळी मी हात मागे घेतो. या खेपेला चक्र धरलं. पलीकडच्या धक्क्याला लावली, अंड्याला अंडं लागावं इतकी हळू. उतरणाऱ्यांपैकी कुणाला कळलंही नाही. मी मात्र परतीची फेरी होईपर्यंत तिथल्या खांबाला टेकून उभा होतो. चौसष्टाव्या वर्षी कळलं की माझे हात चांगले आहेत. पंचेचाळिसाव्या वर्षी कळायला हवं होतं. मधली वर्षं तुझ्याकडेही नाहीत, मागून काय उपयोग?

तुझी वहिनी विचारत होती की तू पोचल्याचं कार्ड का आलं नाही. विचारणारी ती आहे, मी नाही, असं ती मला लिहायला सांगते. तेव्हा कार्ड टाक. हवामानाचं लिहू नकोस. माझं उत्तर यायला वेळ लागेल, पण येईल.

लोभ आहे. फार दुखावलेला आहे, त्याला सध्या हात लावू नकोस.

तुझा,
दादा