इन्सिपिडचा शेरा

४ नोव्हेंबर, मंगळवार
आज कारखान्यात सर सगळ्यांदेखत म्हणाले, ‘शब्द असा वापरायचा असतो.’ माझ्याबद्दल! सकाळी टोमॅटो सूपची बॅच चवीला आली. एक घोट घेतला, तोंड धुतलं, बिस्किटाचा तुकडा खाल्ला, पुन्हा घोट घेतला. काहीच नाही — नुसतं कोमट पाणी. फॉर्मवर लिहून टाकलं, इन्सिपिड.

शाळेत इंग्रजीत काठावर पास झालेली मी. पण ट्रेनिंगच्या बाईंनी समजावलेलं डोक्यात पक्कं बसलंय. सौम्य असेल तर ब्लँड म्हणा, त्यात तक्रार नाही, आजाऱ्याचं जेवण ब्लँडच हवं. चव असायला हवी होती आणि नाही, तेव्हा इन्सिपिड. आपल्याकडे सपक, अळणी, पांचट, मिळमिळीत अशी नुसती रांग लागलेली, पण फॉर्म वर जातो आणि वरच्यांना इंग्रजी लागतं. चव घेणाऱ्या आम्ही तिघी, त्यातली एक रजेवर. मावशी आमच्यात सगळ्यांत जुन्या. त्यांनीही इन्सिपिडच लिहिलं. दोघींचं जुळलं की बॅच थांबते. थांबली.

सर्दी जरा कमी आहे.

५ नोव्हेंबर, बुधवार
भाजी खारट झालीय म्हणून लेकीची कुरकुर. नखरे नुसते.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
आज ह्यांनीही ताट बाजूला सारलं. हे कधी जेवणाला नावं ठेवत नाहीत. मी उठून स्वयंपाकघरात गेले, दार लोटून घेतलं आणि चमचाभर मीठ जिभेवर ठेवलं. नुसती खरखर लागली, एवढंच. कॉफीची पूड — माती. व्हिनेगरने घसा जळला, पण आंबट काही लागलं नाही.

तशीच उभी राहिले. नाक सर्दीने बंद होतं ते उघडलं, पण वास येत नाही हे लक्षातच आलं नव्हतं. म्हणजे मंगळवारी सूप बरं होतं की वाईट, मला काय ठाऊक? आणि कारखान्यात तिकडे मिश्रणवाल्या काकांना जाब विचारणं चाललंय, की मसाला घालायला कसे विसरलात. सव्वीस वर्षं तो माणूस मिश्रणावर उभा आहे.

८ नोव्हेंबर, शनिवार
सरांच्या केबिनमध्ये मलाही बोलावलं होतं. काका आधी ठाम होते, सगळं घातलं. मग सरांनी माझा फॉर्म पुढे ठेवला, मावशींचा ठेवला. काका बराच वेळ त्या कागदांकडे बघत राहिले. त्यांना इंग्रजी येत नाही. मग म्हणाले, घातलं असेल असं वाटतं, आता छातीठोक सांगता येत नाही.

तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण जीभ गेलेल्या बाईला चवीच्या खोलीत कोण ठेवेल? पॅकिंगला पाठवतील. आणि मंगळवारची ती शाबासकी! जेमतेम चार दिवस झालेत. मी तोंड मिटलं. लाज वाटते लिहायला, पण लिहिते — मला त्या क्षणी काकांपेक्षा माझी खुर्ची मोठी वाटली.

१० नोव्हेंबर, सोमवार
पाण्याच्या नळापाशी काका थांबले होते, माझ्यासाठीच. त्यांच्या थोरल्या भावाला शेवटी स्वतःच्या मुलांची नावं आठवेनाशी झाली होती. त्याचीही सुरुवात अशीच बारीकसारीक झाली, म्हणाले. मग विचारलं,

‘पोरी, खरं सांग. अगदीच काही लागलं नाही का गं?’

‘नाही काका. काहीच लागलं नाही.’

खोटं नव्हतं ते. म्हणून तर जास्त झोंबतंय. त्यांनी मान हलवली आणि वर माझी पाठ थोपटून गेले.

११ नोव्हेंबर, मंगळवार
माझी युक्ती अशी, की आमच्या दोघींच्या टेबलांमधल्या आडव्या फळीवरून हळूच डोकावायचं आणि मावशी लिहितील ते लिहायचं. आज डोकावले तर मावशी माझ्याकडे डोकावत होत्या! दोघी घुबडांसारख्या एकमेकींकडे बघत राहिलो. हसायला यायला हवं होतं.

जेवणाच्या सुट्टीत विचारलं. त्यांनी सरळ कबूल केलं. ट्रेनिंग झाल्यापासून त्या माझं बघूनच लिहितात. तुला शब्द कळतात बाई, म्हणाल्या. आणि त्या मंगळवारी? त्यांना पाणचट लागलं होतं म्हणे. पण घोट घेण्याआधी माझा फॉर्म दिसला होता, मग तसंच लागणार ना, असंही म्हणाल्या. दोघींचं जुळलं, या एका गोष्टीवर आठवडाभर मनाची समजूत घालत होते. तेही गेलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार
डॉक्टर म्हणाले, चव कदाचित महिन्याभरात येईल, कदाचित नाही. घरी सांगितलं नाही. मीठ आता मोजून घालते.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
काकांना घरी बसवलं. सर त्याला विश्रांती म्हणतात. काकांनी वजनकाटा पुसून ठेवला, नव्या माणसाला सगळं दाखवलं. दाखवताना प्रत्येक गोष्ट खिशातल्या चिठ्ठीवरून वाचत होते. हाच माणूस आठवड्याभरापूर्वी बारा तऱ्हेच्या सूपांची वजनं झोपेतही सांगायचा. जाताना मला म्हणाले, ‘तुझ्यामुळे वेळेवर कळलं. नाहीतर कुणाच्या पोटात काही भलतंसलतं गेलं असतं.’

आभार मानले माझे!

१७ नोव्हेंबर, सोमवार
काकूंचा फोन आला. काका दिवसातून दहादा गॅस बघतात. आज वार कोणता, हे स्वतःलाच विचारतात आणि उत्तर बरोबर आलं तरी कॅलेंडरवर तपासून घेतात. त्यांच्या लेकीने नातवाला शाळेतून आणायला सांगितलं तर नको म्हणाले, वाटेत विसरलो तर? काकूंना मी काहीबाही धीर दिला. कुठल्या तोंडाने दिला, देव जाणे.

१९ नोव्हेंबर, बुधवार
सांगितलं. केबिनचं दार लावून घेतलं आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं. सर काही ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

‘त्याच दिवशी का नाही बोललात?’

‘त्या दिवशी मलाच माहीत नव्हतं, सर. शुक्रवारी कळलं.’

‘त्या शुक्रवारला बारा दिवस झाले.’

सरांनी मावशींना बोलावलं, त्यांनीही आपलं सांगितलं. बॅच तर केव्हाच थोडीथोडी दुसऱ्या मालात मिसळून टाकलेली, तपासायला चिमूटभरही उरलेली नाही. सरांनी दोन्ही फॉर्मवर आडवी रेघ मारली. माझं ते अक्षर किती सुबक आलं होतं! काकांना सोमवारपासून परत बोलवायचं ठरलं. मी उद्यापासून पॅकिंगला.

२० नोव्हेंबर, गुरुवार
पॅकिंगच्या पट्ट्यापाशी दिवसभर उभी. पाय भरून आले. बायका माझ्याकडे बघून कुजबुजत होत्या, कुजबुजू देत.

सुटल्यावर काकांकडे गेले. काकूंनी दार उघडलं. मी चप्पलसुद्धा न काढता बोलायला लागले, थांबले असते तर हिंमत गेली असती. काकूंनी पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं आता काका हाकलून देतील. पण ते हळूच म्हणाले, ‘म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे?’ आहे काका, म्हटलं, ठिकाणावर नव्हते ती मी. त्यावर जे हसले! नातवाला हाका मारून बोलावलं आणि उद्या तुला शाळेतून मीच आणणार म्हणून सांगून टाकलं.

घरी येऊन ह्यांनाही सगळं सांगितलं. हे म्हणाले, तरीच. पंधरा दिवसांनी पोटभर जेवले मी, चव नसली तरी.

२४ नोव्हेंबर, सोमवार
सकाळी काका फाटकाशी माझी वाट बघत होते. आज कामाचा कोट घालताना आतल्या खिशात काहीतरी लागलं म्हणाले, आणि ते माझ्या हातावर ठेवलं — टोमॅटो सूपच्या मसाल्याचं पाकीट. सीलबंद. वर शिक्का चार नोव्हेंबरचा, त्याच बॅचचा.

‘तुझा शब्द बरोबर होता,’ एवढंच म्हणाले.

मग भोंगा झाला. ते मिश्रणाकडे गेले, कामावर. पाकीट माझ्या पर्समध्ये आहे. मी त्यांना अडवलं नाही.