पाल्याचं कढण

सिडर क्रॉसिंग, अलाबामा
७ ऑक्टोबर १९५१

चि. व्हर्नेटा हिस तुझ्या मोठ्या आईचे अ. आ.

वि. वि. तुझी लेक ओपल सुखरूप पोचली. बसमधून उतरताना माझ्याकडे अशी बघत होती, जणू गाव तिचं नि मीच परकी. आता मात्र दिवसभर माझ्या परकराला धरून असते नि तोंड एक मिनिट बंद नाही. हे काय, ते काय, कोंबडी कुठं चालली, तिची आई कुठाय. मी म्हटलं, कोंबडीची आई डेट्रॉइटला कामाला गेलीय. तेव्हा हसली बघ. तुला नातीला वाढवलं तेव्हा माझे गुडघे धड होते, आता पणतीमागं धावताना कुरकुरतात. पण व्हर्नेटा, या घरात पुन्हा लहान पोर आलंय, मला आणखी काय पाहिजे गं!

यंदा ऑगस्टात सलगम पेरला तो चंद्र वाढता असताना. पर्लीन कुंपणावरून ओरडली, अगं अर्झुला, वाढत्या चंद्रावर पेरलास, आता वर सगळा पालाच येईल नि खाली गड्डे सुतळीएवढे. मी म्हटलं, बाई, आमच्या घरात पालाच खातात, गड्डे तू ने. रस्त्याकडेची पट्टी दरवर्षीसारखी येणाऱ्याजाणाऱ्याची ठेवलीय. ज्याला हवा त्यानं तोडावा, हाक मारायची गरज नाही. माझी आई तसंच करायची.

पण यंदा ते काळे उड्या मारणारे किडे फार. पानांची चाळण करून टाकलीय. रोज सकाळी दवात राख धुरळायला हवी, नि राख कुठून आणू? रानाला जमीनमालकानं तारेचं कुंपण घातलंय. चुलीलाच लाकूड पुरत नाही, तर पाल्याला राख कुठली.

ओपल जेवायला फार नखरे करते. पण पाल्याचं कढण म्हटलं की वाटी घेऊन हजर. त्यात मक्याची भाकरी कुस्करून देते, वर मिरच्या मुरवलेल्या व्हिनेगरचे दोन थेंब. तुला दात यायच्या आधीपासून मी हेच पाजलं, म्हणून तर तुझी हाडं अशी. क्लाइडचं कोरियाहून पत्र आलं की कळव. तुझा नवरा तिकडं काय खात असेल देव जाणे.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी मोठी आई


डेट्रॉइट
१४ ऑक्टोबर १९५१

ती. मोठ्या आईस व्हर्नेटाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचायला दोन जणी लागल्या. एक अक्षरं ओळखायला नि एक हसायला. मी मजेत आहे. हॉटेलच्या धुलाईखान्यात दिवसभर वाफेत उभी असते, संध्याकाळी मीच चादरीसारखी पिळून निघते. घरमालकीण अजून पोर ठेवू देत नाही. वसंतापर्यंत दुसरी खोली मिळाली की ओपलला न्यायला येते.

तिला कॉफी पाजू नकोस. मला पाजायचीस, ते मी विसरलेले नाही. रात्री तिची उशी उराशी घेऊन झोपते नि सकाळी स्वतःलाच हसते. ती काय काय बोलते ते एकूण एक लिही. माझ्या कानाला तेवढीच भाकरी.

क्लाइड बरा आहे. तुझ्या हातचा पाला स्वप्नात येतो म्हणतो, मी येत नाही.

पायांवर डोकं ठेवून,
तुझी व्हर्नेटा


सिडर क्रॉसिंग
४ नोव्हेंबर १९५१

चि. व्हर्नेटा हिस अ. आ. वि. वि.

आधी चांगली बातमी. सरपणाची चिंता मिटली! तुझ्या होझियामामाला रेल्वेफाटकापलीकडच्या वखारीत काम लागलंय. तिथं मोटारींच्या जुन्या बॅटऱ्या फोडून आतलं शिसं काढतात नि रिकामी खोकी ढिगानं टाकून देतात. ज्याला हवी त्यानं न्यावी, कोणी विचारत नाही. आम्ही ढकलगाडी भरून आणली. काय जळतात म्हणून सांगू! आतल्या लाकडी पट्ट्या सुक्या ठक्क, नि बाहेरचं काळं खोकं तर कोळशाला लाजवेल. ज्वाळा हिरव्यानिळ्या निघतात, ओपल चुलीपुढं बसून टाळ्या पिटते. वास जरा घशाला लागतो खरा, पण फुकटच्या उबेला नाव कोण ठेवतं. पर्लीननंही नेली. आधी नाक मुरडलं, मग दोन खेपा केल्या.

नि राख! अशी राख मी जन्मात बघितली नाही. पिठासारखी बारीक, हाताला जड, पानाला धरली की सोडत नाही. पहिल्या सकाळी धुरळली, दुसऱ्या सकाळी सगळे किडे पाय वर करून. ओपलनं डब्याला भोकं पाडून घेतलीत, मी एका सरीत, ती दुसऱ्या सरीत. मग दोघी पांढऱ्याफटक, एकमेकींना बघून हसतो. बोटं चाटू नकोस म्हणते, पण ऐकतंय कोण. राखेनं कोणाचं काही बिघडत नाही म्हणा. माझी आई राखेच्या पाण्यात मका शिजवायची, त्यावर आम्ही सगळी भावंडं वाढलो.

पाला आता माझ्या गुडघ्याएवढा. यंदा पाऊस नाही, विहीर तळाला गेलीय, म्हणून तीन पाण्यांऐवजी एकाच पाण्यात धुते. पण चव बघ, कढणाला एक गोडवा आलाय. मी साखर घातली नाही, शपथ. ओपल वाटी चाटून पुसून ठेवते.

राखेच्या ढिगात अंग घुसळणारी ती चितकबरी कोंबडी मात्र गेली. दोन दिवस मान वाकडी करून गोल गोल फिरत होती. म्हातारी झाली होती. शिजवणार होते, पण होझिया म्हणाला राहू दे, म्हणून पुरली.

तुझी आठवण काढत पाला ढवळणारी,
मोठी आई


सिडर क्रॉसिंग
१८ नोव्हेंबर १९५१

चि. व्हर्नेटा हिस अ. आ.

आभार मानायच्या सणाला तू एकटी असणार, म्हणून बसच्या ड्रायव्हरकडे पाल्याची पेटी देतेय. ओल्या पोत्यात गुंडाळलाय. राखेचा हात फिरलेला आहे, तू नळाखाली धू. सगळ्या बिऱ्हाडाला खाऊ घाल, म्हणजे कळेल तू कुठली.

ओपलचं पोट जरा धरलंय. चार दिवसांत एकदा बाहेरची, नि त्यालाही रडारड. म्हणून कढण वाढवलं, सकाळ दुपार संध्याकाळ. पोट साफ करायला त्यासारखं दुसरं काही नाही. चेहरा थोडा उतरलाय. हिरड्यांच्या कडेला दातांपाशी निळसर काळी रेघ दिसते, मी विचारलं, काय गं चोरटे, जांभळं खाल्लीस का, पण या दिवसांत कुठली आलीत. तू म्हणालीस एकूण एक लिही, पण आताशा ती फार बोलत नाही. परवा कोंबडीला बोट दाखवलं नि नाव आठवेना. चुलीपाशी बसते, बघत राहते. पर्लीन म्हणते आईची आठवण येत असेल. मी म्हटलं, आईची येते तर मोठ्या आईनं काय घोडं मारलंय?

होझियामामाची गंमत सांगते. रविवारी चर्चमध्ये गाण्याचं पुस्तक धरायला गेला, नि मनगट मेलेल्या कोंबडीच्या मानेसारखं लोंबलं. पुस्तक खाली. पाळकबुवा म्हणाले, होझियाला देवाचं गाणंही जड झालं. सगळे हसले, तोही हसला. पण अजून बटणं त्याची बायकोच लावते.

माझं डोकं दुखतं अधूनमधून, ते सोड. पेटी पोचल्याचं कळव.

आशीर्वादांची पेटी वेगळी,
तुझी मोठी आई


डेट्रॉइट
२५ नोव्हेंबर १९५१

ती. मोठ्या आईस सा. न.

हे पत्र मिळेल त्या क्षणी चूल विझव. हसू नकोस, आधी शेवटपर्यंत वाच.

तुझा पाला मी धुवायला काढला, नि तुझी दोन्ही पत्रं सगळ्यांना हसवायला मोठ्यानं वाचत होते. शेजारच्या खोलीतल्या ट्रॉटरबाई हसल्या नाहीत. खोक्यांचं वाचलं, तेव्हा त्या उठून उभ्या राहिल्या. हिरड्यांच्या रेघेशी आल्यावर त्यांनी माझ्या हातातून पातेलं घेतलं नि सगळा पाला ओतून दिला. त्यांचे यजमान इथल्या बॅटरीच्या कारखान्यात होते. त्यांचंही आधी पोट धरलं, मग मनगटं लोंबली, हिरड्यांवर तीच निळी रेघ. ते शिसं होतं, मोठी आई. बाई म्हणाल्या, मोठा माणूस काही वर्षं काढतो, लेकरू तेवढं काढत नाही.

ते शिसं त्या खोक्यांत आहे, धुरात आहे, राखेत आहे. पाल्यावर आहे, कढणात आहे. ओपलला कढणाचा एक थेंबही देऊ नकोस. तूही खाऊ नकोस. रस्त्याकडेची पट्टी उपटून टाक, कोणाला तोडू देऊ नकोस, पर्लीनआजीलाही सांग. ओपलला घेऊन शहरातल्या डॉक्टरांकडे जा. आपल्या काळ्या लोकांना मागच्या दारानं आत घेतात तिथं बसवून ठेवलं, तर ओरड, पण हलू नकोस.

तार केली असती, पण तार जमीनमालकाच्या दुकानात पडून राहते. आजोबांच्या वेळी आठवडा राहिली होती. मंगळवारच्या बसनं मी निघतेच आहे, पत्र माझ्याआधी पोचेल.

तुझा काही दोष नाही, ते मागाहून बोलू. आधी चूल.
व्हर्नेटा


सिडर क्रॉसिंग
२८ नोव्हेंबर १९५१, सकाळ

चि. व्हर्नेटा हिस अ. आ. वि. वि.

पेटी पोचली की नाही, तुझा काही पत्ता नाही. खाऊन सुस्तावली असशील!

काल पहिलं हिंव पडलं. आता पाल्याला खरी गोडी येईल. सकाळपासून रस्त्याकडे बायकांची रीघ लागलीय, टोपल्याच टोपल्या. पाळकबुवांची सून बाळंत झालीय, तिला किटलीभर कढण पाठवलं. दूध उतरेल पोरीला. पर्लीन काय म्हणाली ऐक, अर्झुला, तुझ्या वाढत्या चंद्राची मी उगाच थट्टा केली. तिच्या तोंडून हे ऐकायला मी किती वर्षं थांबले होते, तुला ठाऊक आहे.

ओपल आता अगदी शहाण्यासारखी वागते. रडत नाही, मागत नाही, तुझं नावही काढत नाही. चालताना जरा तोल जातो, म्हणून बहुतेक मांडीवरच असते. काल दिवेलागणीला मात्र मला घाबरवलं. डोळे वर गेले, हातपाय ताठ, सगळं अंग थडथडलं. मी घट्ट कवटाळून प्रार्थना म्हणत बसले. मग आपोआप सैल पडली नि जी झोपली, ती अजून झोपलीय. हाक मारली तर पापणीसुद्धा हलत नाही, इतकी गाढ. इतके दिवस पोटदुखीनं धड झोप नव्हती, झोपू दे लेकराला. घर उबदार राहावं म्हणून चुलीत दोन खोकी जास्तच सरकवलीत. कढण कडेला कोमट ठेवलंय, डोळे उघडले की लगेच.

वसंतात तू येशील तेव्हा बघ, कशी बाळसं धरलेली हातात देते.

लोभ उतू जाऊ दे, मी खाली भांडं धरून बसलेय.
तुझी मोठी आई

ता. क. पाकीट बंद करणार, एवढ्यात टपालवाला फाटकाशी आला. लांबूनच ओरडतोय, डेट्रॉइटचं पत्र आहे, चांगलं जाडजूड. म्हटलं, आणलंस बाबा एकदाचं! ओपल जरा हलल्यासारखी वाटते. आधी तिला चार चमचे पाजून घेते, मग तुझं पत्र निवांत बसून वाचीन.