फोन आपटणारे गृहस्थ

तीर्थरूप मामा,

तुमच्या भाचीचा वाकून नमस्कार (गुडघा धरलाय, तेव्हा अर्धाच वाकले आहे, उरलेला प्रत्यक्ष भेटीत). तुमची तब्येत कशी आहे हे या वेळी नुसतं रीत म्हणून विचारत नाहीये.

तुम्ही नेहमी विचारता, तुझं काम तरी नक्की काय? आणि आई घाईघाईने "दवाखान्यात असते" म्हणून विषय बदलते. तर ऐका. लैंगिक आजाराचा पेशंट आमच्याकडे आला की त्याच्या जोडीदाराला कळवायचं, तपासणीला बोलवायचं, आणि नाव कुणी दिलं हे जीव गेला तरी सांगायचं नाही. आम्ही तिघी होतो. एक बाळंतपणाच्या रजेवर गेली, दुसरीला लसीकरणाकडे पळवलं, आणि तिघींचं काम माझ्या एकटीच्या गळ्यात पडलं. साहेब म्हणतात, फोनच तर करायचेत! (साहेबांना स्वतःच्या बायकोला फोन करताना घाम फुटतो.)

त्यात पलीकडे हवा तोच माणूस आहे याची खात्री होईपर्यंत कारण सांगायचं नाही. मग मी "खासगी काम आहे" म्हणते, आणि फोन बायकोने उचलला असला की संपलंच. परवा एकीने विचारलं, कधीपासून चाललंय हे? मी फोन करतेय ते सोमवारपासून, म्हणून सोमवारपासून म्हणाले. पुढचं तुम्हाला लिहिण्याजोगं नाही.

फोन न उचलणाऱ्यांच्या घरी जावं लागतं. एका घरी म्हातारीने मला वरच्या खोलीसाठी आलेली भाडेकरू समजून आत घेतलं. नाही म्हणावं तर मग का आलात, हे आलंच. मी खोली पाहिली, नळ सोडून पाहिला, भाड्यात घासाघीसही केली, आणि जिन्यात तिचा मुलगा भेटला तेव्हा त्याला हळूच सांगितलं. बिचारा पायरीवरच बसला. दुसऱ्या दिवशी येऊन औषध घेऊन गेला. जाताना डोळे पुसत म्हणाला, आई विचारतेय, खोलीचं काय ठरलं?

हे सगळं हसण्यावारी नेता येतं, पण माझा जीव अडकलाय तो एका गृहस्थांत. त्यांना जो आजार असू शकतो तो सुरुवातीला गप्प बसतो आणि पुढे डोळे, कान, मेंदू, जे सापडेल ते धरतो. वेळेत आले तर इंजेक्शनने बरा होतो. पण मी दवाखान्यातून बोलतेय म्हटलं की ते मला भामटी ठरवतात, बँकेच्या खात्याचा नंबर मिळणार नाही म्हणून बजावतात आणि फोन आपटतात. त्यांच्यापायी मला घास गोड लागत नाही.

बाकी सगळं ठीक. आई तुमची आठवण काढत असते.

तुमची,
लाडावलेली भाची

ता. क. मामा, ते गृहस्थ तुम्ही. नात्यातलं कुणी निघालं तर काम दुसरीकडे द्यायचं असा आमचा नियम आहे, पण दुसरी उरलीय कुठे? माझा कामावरचा आवाज तुम्ही ओळखला नाहीत, आणि ओळख सांगायला माझी जीभ रेटेना. नाव कुणी दिलं ते कान पिरगाळलात तरी सांगणार नाही. गुरुवारी सकाळी याच. कुणी ओळखीचं दिसलं तर भाचीला भेटायला आलो म्हणा.

आणखी एक ता. क. आईला यातलं अक्षरही कळणार नाही. मामी गेल्यापासून तुम्ही एकटेच असता म्हणून मला फार वाईट वाटायचं. आता तितकंसं वाटत नाही. इंजेक्शन मात्र कमरेखाली असतं आणि सणकून दुखतं. देणारा पुरुष आहे, मी दाराबाहेर थांबेन. खुशाल ओरडा, मला काही ऐकू येणार नाही.