ठकूमावशीची रेघ

प्रिय ठकूमावशी,

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार. पुण्यातल्या या चित्रदालनात बाकाला पाठच नाही! मिनिमल आहे म्हणे. अर्ध्या तासात कंबरेने राजीनामा दिलाय. तरी बसलोय, कारण समोर तू सारवलेली फळी चित्र म्हणून टांगलीय. शेजारच्या कार्डावर चित्रकाराचं नाव आहे, ‘माती, शेण, चुना’ आहे. तू नाहीस. परवा तुझ्या दहाव्याला आलो, तर तुझ्या दारातलं सारवण उघडंच होतं, रांगोळीविना. तेव्हाच ठरवलं, आता लिहायचं.

घोडेगावात आमच्या पडवीत हे चित्र झालं. माझे एक चित्रकार मित्र खुर्चीत बसून ‘चित्रात शून्य हवं, शून्य’ म्हणायचे. डिंभ्याच्या वाटेवरून तांबडी माती डोक्यावरून आणलीस तू. जुन्या लुगड्यातून वस्त्रगाळ केलीस तू. वर त्यांची अट, हाताचे वळसे दिसायला नकोत! मग नदीतला गोटा घेऊन आठ दिवस घोटत बसलीस.

“दमलीस का गं?”

“कायबी न्हाई असं दिसाया लई घोटावं लागतं, बाबा!”

शेवटी कोपऱ्यात चुन्याच्या बोटाने एक रेघ ओढलीस. मित्र किंचाळलेच, “मावशी, हे काय केलंत?”

“उघडं सारवण तसंच सोडू व्हय? कुनी मेलंय का घरात?”

तिसऱ्या दिवशी त्यांनी फळीमागे सही केली.

मी तर त्यांच्याहून थोर! प्रदर्शनाच्या पुस्तिकेत लिहिलं, ‘चित्रकाराच्या चाळीस वर्षांच्या साधनेतून उतरलेली रेषा.’ तू विचारलंस, “माझं नाव घातलंस का रं?” म्हटलं, “घातलंय की.” तुला वाचता येत नव्हतं, मला ते ठाऊक होतं. लेखांतून जगाची सोंगं फाडणारा मी! तुझ्याकडे बघून का नाही गं बोललो?

पुस्तिका पुन्हा छापली जातेय. काल मित्रवर्यांना फोन केला, म्हटलं, ते वाक्य बदलतोय.

“मग रेषा कुणाची म्हणायची?”

“ठकूमावशीची. नाहीतर माझा मजकूरच काढा.”

मग म्हणाले, “बरं. पण कार्डावर जागा नाही हं.” एवढी मोकळी भिंत, आणि तुझ्या नावाला जागा नाही!

नवी पुस्तिका तुझ्या ओट्यावर बसून वाचीन, समोरच्या आळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. हा माझा शब्द.

आत्ताच उठून, कार्डावर ‘चुना’च्या खाली पेनाने लिहून आलोय: ‘सारवण आणि रेघ: ठकूबाई, घोडेगाव.’

तुझा,
दिनू