गाडी ह्यांच्या नावे, अटी माझ्या

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सदुसष्ट, धंदा मोटार चालवायला शिकवणे, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला असून तो सोबत जोडला आहे. डॉक्टरीणबाई माझ्याच विद्यार्थिनी. परवान्याच्या परीक्षेत त्या दोनदा नापास झाल्या, तेव्हा त्यांच्या डोक्याबद्दल मी जे बोलले होते ते त्यांनी माझ्या डोक्याचा दाखला देताना मनात आणले नाही, याबद्दल मी आभारी आहे. हे मृत्युपत्र मी कोणाच्याही दडपणाखाली करत नाही. माझ्यावर दडपण आणणारा माणूस अजून कुठल्याही गाडीतून उतरलेला नाही.

कारण असे की येत्या सोमवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. सर्जन म्हणाले, "काळजीचं काही कारण नाही." हेच वाक्य मी आयुष्यभर शिकाऊ लोकांना भर चढावर ऐकवत आले, त्यामुळे त्याची किंमत मला ठाऊक आहे. म्हणून ही निरवानिरव.

या लेखात जिथे जिथे 'हे' असा उल्लेख येईल तिथे तो माझ्या यजमानांचा समजावा. लग्नापासून मी त्यांचा उल्लेख तसाच करते, मृत्युपत्रासाठी नवीन सवय लावून घेणार नाही. हे नगररचना कार्यालयात नकाशे काढत. शहरातले निम्मे रस्ते ह्यांच्या पेन्सिलीतून उतरले आणि ह्यांना गाडी चालवता येत नाही. उंटावरून शेळ्या हाकणे म्हणतात ते हेच.

कलम १. घर. चढावरचे घर माझ्या आणि ह्यांच्या जोड नावावर आहे. माझा अर्धा हिस्सा ह्यांच्याकडे जावा आणि हे हयात असेपर्यंत घर विकू नये, गहाण टाकू नये, भाड्याने देऊ नये. ह्यांच्यानंतर ते आमच्या एकुलत्या एका चिरंजीवांना मिळेल. चिरंजीवांना घाई आहे हे मी जाणून आहे. ऑपरेशनचे ठरले त्याच दिवशी तो आला आणि म्हणाला, "आई, देव न करो, पण तुझं काही बरंवाईट झालं तर बाबांचं बघायला मी आहे ना. आमच्याकडे मागची खोली रिकामीच आहे. हे घर विकून टाकू. आणि गाडी काय, बाबांना तर चालवता येत नाही, मीच वापरीन." माझे बरेवाईट, बापाची सोय, घर आणि गाडी त्याने एका दमात उरकले. एवढ्या वेगात मी कधी वळण घेतले नव्हते.

मुलगा वाईट नाही. आई-बापावर त्याची माया आहे, फक्त ती नेहमी त्याच्या सोयीच्या वाटेने येते.

तो गेल्यावर ह्यांनी दार लावून घेतले. मग म्हणाले, "त्याच्या तिसऱ्या मजल्यावरून रस्ता वरून दिसतो. नकाशासारखा."

मी म्हटले, "मग बरंच आहे की, तुम्हाला सवय आहे."

"म्हणूनच नको," हे म्हणाले. "जन्मभर तसाच बघितला."

या मृत्युपत्रातली पुढची सगळी कलमे या एका वाक्यामुळे लिहिली आहेत. आमचे घर चढावर. बस खालच्या नाक्यापर्यंतच येते. ह्यांचे गुडघे त्या चढाला दोन वर्षांपूर्वीच शरण गेले. म्हणजे मी नसले की एक तर घरात अडकून पडणे, नाही तर तिसऱ्या मजल्यावर. तिसरा रस्ता मला काढायचा आहे.

कलम २. जुनी गाडी. माझ्या ड्रायव्हिंग स्कूलची जुनी लहान गाडी, जिच्यात शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा ब्रेक आहे, ती चिरंजीवांना द्यावी. कुठे थांबायचे ते त्याला लहानपणापासून कळत नाही. दोन ब्रेक असलेले बरे.

कलम ३. मात्र गाडी देण्याआधी तिचा मधला आरसा काढून माझ्या नणंदेला पोचता करावा. माझ्या लग्नात ही बाई भरल्या मांडवात म्हणाली होती, "दादा, बायको आणलीस की ड्रायव्हर?" त्यानंतर दवाखाना असो की स्टेशन, न्या-आण करायला ह्याच ड्रायव्हरला फोन यायचा, आणि दर वेळी मागच्या सीटवर बसून मागचे सगळे उकरून काढायचे. मागे बघायची एवढी हौस आहे तर साधन जवळ असावे.

कलम ४. रस्त्यापलीकडच्या ड्रायव्हिंग स्कूलचे मालक, ज्यांना सगळेजण भोंगे म्हणतात, त्यांना माझ्या स्कूलची पाटी, पाटीची जागा आणि उरलेले विद्यार्थी द्यावेत. या गृहस्थांनी मला वीस वर्षे पाण्यात पाहिले. माझ्या पाटीपुढे हातभर उंच पाटी लावली. बाईंचे विद्यार्थी पास होतात कारण परीक्षक बाईंच्या आवाजाला घाबरतो, अशी आवई त्यांनीच उठवली. आवई खरी होती, पण ती उठवायची काय गरज होती? तरीही एक गोष्ट मला नाइलाजाने मान्य आहे. शिकवताना या माणसाचा आवाज कधी चढत नाही. भोंगा फक्त गाडीचा वाजतो. त्यांच्याकडे एक आजी सहा वर्षे शिकत आहेत, अजून दुसऱ्या गिअरच्या वर गेलेल्या नाहीत, आणि दोघेही खुशीत असतात. ही देणगी फुकट नाही. मोबदला कलम ६ मध्ये.

कलम ५. नवी गाडी. आता मुद्द्यावर येते.

मागच्या वर्षी मी माझ्या स्वकष्टार्जित पैशातून एक आलिशान सेडान घेतली. पेट्रोल आणि वीज दोन्हींवर चालणारी, मोत्याच्या रंगाची, लांबलचक. लोकांनी तोंडात बोटे घातली. जिने जन्मभर दुसऱ्यांच्या हातून गिअर करकरताना ऐकले, तिला शेवटी एक गप्प गाडी हवी असेल हे कोणाच्या लक्षात आले नाही.

शोरूममधला विक्रेता सगळे काही ह्यांनाच सांगत होता. "सर, पिकअप बघा. सर, सीटला थंड हवेची सोय आहे. सर, लेदर कुठल्या रंगाचं दाखवू?" ह्यांनी शांतपणे सांगितले, "मला विचारू नका. मी फक्त बसतो." तेव्हा कुठे त्याची मान माझ्याकडे वळली.

मी चालकाच्या सीटवर बसले, बटण दाबले. काही नाही. पुन्हा दाबले. काही नाही. तिसऱ्यांदा दाबून वाट पाहिली. तो अदबीने म्हणाला, "मॅडम, आपण ती चालू केलीत, बंद केलीत, आणि आता परत चालू केली आहे."

"मग ती बोलत का नाही?"

"विजेवर असताना आवाज नसतो, मॅडम."

मी ह्यांच्याकडे पाहिले. हे खिडकीतून बाहेर बघत हसत होते. लग्नाच्या बाजारात असे स्थळ आधी मिळाले असते तर, असा विचार दोघांच्याही मनात आला असावा.

गाडी फार शहाणी आहे. पट्टा लावला नाही तर टोकते, रेघ ओलांडली तर टोकते, मागे घेताना जवळ कोणी आले तर किंचाळते. म्हणजे माझे सगळे काम तीच करते, फक्त शिव्या देत नाही. एकदा लांबच्या प्रवासात तिने पडद्यावर कपबशी दाखवून मला विश्रांती घ्यायला सांगितले. मी रस्त्याकडेला थांबून डोळे पुसले. घरातल्या कोणी हे कधी सुचवले नव्हते.

पण खरी गोष्ट वेगळीच झाली. गाडीच्या पडद्यावर एक आकृती येते. इंजिन, बॅटरी, चाके, आणि त्यांच्यामध्ये धावणारे बाण. चढावर बाण इंजिनाकडून चाकांकडे जातात. उतारावर पाय उचलला की बाण उलटे फिरतात आणि चाकांकडून बॅटरीत वीज भरू लागते. आयुष्यभर आकृत्या काढलेल्या माणसाला आणखी काय हवे? पहिल्या आठवड्यात हे नुसते बघत बसले. दुसऱ्या आठवड्यापासून बोलू लागले. "आता जमा होतंय." "आता खर्च." "पुढे उतार आहे, आत्ताच पाय उचल." "इतक्या जोरात ब्रेक नको मारूस, सगळं वाया जातं." आणि मेल्याचे बरोबर असायचे. (मेल्याचे हा शब्द कायम ठेवावा.) कुठला रस्ता कुठे किती उतरतो ते ह्यांनीच कागदावर मांडले होते. गाडी चालवत मी होते, पण कळत ह्यांना होती. माझ्या हातात त्या गाडीने जितके पेट्रोल खाल्ले, त्याहून बरेच कमी ह्यांच्या तोंडाने चालवल्यावर खाल्ले.

म्हणून ही गाडी मी ह्यांच्या नावे करते. चिरंजीवांनी यावर हक्क सांगू नये, तात्पुरती वापरायला मागू नये, आणि 'बाबा, नुसती उभी राहून बॅटरी खराब होईल' असेही म्हणू नये.

कलम ६. अटी. गाडी ह्यांना मिळेल, पण हे माझ्या पश्चात ती चालवायला शिकले तरच. एक वर्षाची मुदत. नाही शिकले तर गाडी विकून येणारे पैसे नणंदेला द्यावेत. ही धमकी आहे आणि ती जाणूनबुजून घातली आहे.

शिकवण्याचे काम भोंग्यांनी करावे. हाच कलम ४ चा मोबदला. मी स्वतःच जिवंतपणी का शिकवले नाही, असे कोणी विचारील. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी मी ह्यांना एकदा शिकवायला घेतले होते. मोठ्या गोल चौकात ह्यांनी गाडी उजवीकडे घातली. मी म्हटले, "डावीकडे! अहो, डावं म्हणजे कुठलं ते तरी माहीत आहे का?" हे मी जरा मोठ्याने म्हटले. ह्यांनी चौकाच्या मधोमध इंजिन बंद केले, हँडब्रेक ओढला, खाली उतरले, फेरा घालून माझ्या खिडकीशी आले, किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "हा चौक मीच आखलाय. इथून घरी कसं जायचं ते मला माहीत आहे." आणि चालत गेले. त्या दिवसापासून ह्यांनी स्टिअरिंगला बोट लावले नाही.

चूक माझी होती असे इथे लिहावे, अशी डॉक्टरीणबाईंची सूचना आहे. ती मी फेटाळते. उतरण्याआधी ह्यांनी मागे पाहिले नव्हते.

पण एक लिहिते. मला ऑपरेशनची भीती वाटत नाही. ह्या माणसाची वाटते. मी गेले तर हे कोणाला काही मागणार नाहीत, 'मला जरा खाली सोड' असे पोटच्या मुलालाही म्हणणार नाहीत, खुर्ची खिडकीशी ओढतील आणि बसून राहतील. ही कल्पना मला सहन होत नाही. म्हणून ही एवढी कलमे.

कलम ७. उरलेली शिल्लक, भांडीकुंडी, कपडे वगैरे ह्यांनी हवे तसे वाटावे. माझे शिकवतानाचे बूट मात्र फेकून द्यावेत. ते कोणी मागितले तर तो माणूस बरा नाही असे समजावे.

पुरवणी. वरील मजकूर टेबलावर वाळत ठेवून मी चहा करायला गेले. परत येऊन बघते तर हे चष्मा लावून वाचत बसलेले. पूर्ण वाचून झाल्यावर म्हणाले, "अक्षर चांगलं आहे. कलम सहा मला मान्य नाही."

"तुमच्या मान्यतेचा प्रश्नच नाही. मृत्युपत्र माझं आहे."

"मी तुझ्या पश्चात शिकणार नाही."

"मग जा तिसऱ्या मजल्यावर."

"अगं, पूर्ण ऐक ना. तू नसताना शिकून मी जाणार कुठे? शिकायचं तर आत्ता. तू शेजारी बसायचंस. भोंगे मागे बसतील, काय सांगायचं ते तेच सांगतील. तू एक शब्द जरी बोललीस तर मी पुन्हा उतरीन, आणि या खेपेला किल्ली खिशात घालून उतरीन."

साक्षीसाठी भोंगे आणि डॉक्टरीणबाई येणारच होते. आले तसे दोघांना मागच्या सीटवर बसवले. जुन्या गोदामामागच्या मोकळ्या पटांगणापर्यंत गाडी मी नेली. तिथे आम्ही जागा बदलल्या. ह्यांनी आसन पुढे घेतले, आरसे लावले, आजूबाजूला पाहिले, मग मागे पाहिले आणि मग माझ्याकडे. बटण एकदाच दाबले. भोंगे मागून म्हणाले, "सावकाश, साहेब. आपल्याला कुठंही जायची घाई नाही." गाडी निघाली. मी मूग गिळून बसले. जीभ दातांखाली धरावी लागली आणि छातीत जे काही झाले ते झडपेमुळे नव्हते. हे दोन्ही हातांनी चाक धरून, लहान मुलासारखे ओठ पुढे काढून, एक पूर्ण फेरी मारून आले. मग दुसरी. मग पडद्यावर नजर टाकून मला म्हणाले, "बघ, जमा होतंय."

म्हणून कलम ६ मधली एक वर्षाची मुदत, नणंदेची धमकी आणि 'माझ्या पश्चात' हे शब्द मी स्वतःच्या हाताने खोडते. बाकी मजकूर कायम.

सही वेडीवाकडी आली आहे. ती बनावट समजू नये. सही करायला गाडी थांबवा असे भोंग्यांनी सुचवले होते, पण ह्यांचे म्हणणे पडले की एकदा थांबलो तर पुन्हा सुरू करायचा धीर होणार नाही. त्यामुळे कागद मांडीवर धरून चालत्या गाडीतच सही केली.

स्थळ: जुन्या गोदामामागचे पटांगण, चालकाशेजारची सीट.
तारीख: ऑपरेशनच्या आधीचा शनिवार, सकाळ.

मृत्युपत्र करणारीची सही (वर पाहा, दोन ओळींत पसरली आहे)

साक्षीदार पहिला, पलीकडच्या ड्रायव्हिंग स्कूलचा मालक: बाईंनी सही माझ्यासमोर, राजीखुशीने केली. संपूर्ण वेळ त्या एक शब्द बोलल्या नाहीत. हे मी शपथेवर सांगतो, कारण नाहीतर कोणी विश्वास ठेवणार नाही. पाटीबद्दल आभारी आहे, पण ती इतक्यात उतरवू नये.

साक्षीदार दुसरी, डॉक्टर: बाई पूर्ण शुद्धीत आहेत. नाडी जलद आहे, डोळ्यांत पाणी आहे, दोन्ही चिंतेचे नाही. सोमवारी सकाळी बाईंना इस्पितळात कोण आणणार, हे मी विचारले. साहेबांनी मान न वळवता सांगितले, "आणायला भोंगे. परत न्यायला मी. तोवर परवाना काढतो." त्यांना परवाना मिळेपर्यंत पेशंटने घरी जायला घाई करू नये, असा माझा सल्ला आहे.