नवसाची बाटली

माय,

टेंभुर्णीच्या म्हसोबाला तू नवस बोलल्तीस, दादाची दारू सुटली की त्याच्याच हातानं देवाला बाटली पाजीन म्हणून. मी तुझी लेक असले तरी दादाच्या व्यसनमुक्ती वार्डाची नर्सही आहे. काल तुमच्यासोबत आले ती नवसासाठी न्हाई, त्याच्यावर नजर ठेवायला.

त्यानं झाकण फिरवलं, वास सुटला अन् त्याची मान ताठ झाली. मी मनगट धरलं तर नाडी नुसती पळून राह्यली होती. दगडावर अर्धी बाटली ओतून झाली अन् तू म्हणालीस, "बस. आता परसादाचं एक बोट चाट, सुग्रीव. देवाला न्हाई म्हणू नये."

मी त्याचं मनगट सोडलं न्हाई.

"देवाचं देवाला, माय," दादा म्हणाला अन् त्यानं बाटली खाली ठेवली. मंग तू झाकण लावून ती पिशवीत घातलीस. "राहिलेला परसाद तुझ्या बापाला. आबाला रोज लागतीच."

महिनाभर दादा मला विचारत होता, "मने, सुटली खरी, पण आता जगू कशासाठी?" मी त्याच्या हातावर गोळ्या ठेवायचे. काल वार्डात परतल्यावर त्यानं शेजारच्या रिकाम्या खाटेवर चादर घातली. "ही कुणाला देऊ नको. आबाला आण. सुरुवातीला हातपाय लई कापतेत. मी धरीन."

हे पत्र टाकणार न्हाई, कारण तुला पत्र वाचून दाखवतो तो आबाच. उद्या मीच येते, गाडी करून. तोवर ती पिशवी उघडू नको, माय.

तुझी,
मनीषा