काटा हिरव्यावरच होता

रविवार, ता. १७

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. हिच्या गुडघ्याची सूज उतरली. धाकटीची परीक्षा आटोपली. तुझं पत्र मिळालं, आणि चार दिवस मी ते खिशात घालून फिरलो.

तू विचारलंस, "तू तिथे असताना ह्यांना कसं काढलं? मालकापाशी एक शब्द टाकला असतास तर काय जीभ झिजली असती तुझी?"

ताई, मी शब्द टाकला होता. कसा, ते सांगतो.

त्या मंगळवारी सकाळी मी कामावर लवकर गेलो. मागच्या मोकळ्या जागेत पत्र्याच्या ट्रेमध्ये तेलकट चिंध्या रचल्या. मालक आले, कामगार जमले, दाजीही आले. सगळ्यांदेखत मी काडी लावली. मग दाजींनी आदल्या दिवशी 'भरला' अशी चिठ्ठी लावलेला एक लाल सिलिंडर मी उचलला, पिन काढली आणि दांडा दाबला.

नुसतं फुस्स झालं. पावडरीचा कणही बाहेर आला नाही. चिंध्या आपल्या जळतच राहिल्या. शेवटी वाळूची बादली ओतून विझवल्या.

तू आमच्याकडे आत कधी आली नाहीस, म्हणून सांगतो. हे आग विझवायचे सिलिंडर आमच्याकडे भरायला येतात. आतली जुनी पावडर काढायची, नवी भरायची, वर हवेचा दाब द्यायचा. दाब बरोबर असला की बाहेरचा काटा हिरव्यावर येतो. दाजी आतली पावडर काढतच नव्हते. ती बसून बसून दगड झालेली असायची. वरून फक्त दाब द्यायचे, फडक्याने पुसायचे, नवी चिठ्ठी लावायचे. काटा हिरव्यावर. नव्या पावडरीच्या गोण्या मागच्या दाराने जायच्या.

आधी मी त्यांना एकट्याला गाठून बोललो होतो, हे तुला कळायला हवं. हात जोडून बोललो. ते हसले. "अरे, भिंतीवर टांगायचाच आहे ना तो? आग काय रोज लागते? तुझं देवाशी चांगलं जमतं, त्यालाच सांग लावू नको म्हणून."

दुसऱ्यांदा बोललो तेव्हा हसले नाहीत. म्हणाले, "तुला ह्या दारात कोणी उभं केलं, विसरलास?"

विसरलो नव्हतो. गावच्या शाळेतून शिकून आलेल्या मला त्यांनीच बोट धरून इथे आणलं. तुझ्या हातचं जेवून मी कामाला लागलो. म्हणून तर ती काडी पेटवायला मला इतका वेळ लागला. रोज देवासमोर बसायचो आणि म्हणायचो, आजचा दिवस जाऊ दे. देव काही बोलायचा नाही. त्याचं न बोलणं मला हळूहळू टोचायला लागलं.

तर त्यांना काढलं ते माणसं कमी करायची म्हणून नव्हे. माझ्यामुळे काढलं. त्यांनी तुला वेगळं सांगितलं असेल तर त्यांच्याशी भांडू नकोस. लाज वाटली की माणूस तसं सांगतो.

त्यानंतर जेवायच्या सुट्टीत माझ्या बाकावर कोणी बसेना. एकजण मोठ्याने म्हणाला, "जपून रे बाबांनो, डबा उघडला तरी हा मालकाला जाऊन सांगेल." सगळे हसले. मलाही थोडं हसू आलं. विनोद बरा होता.

पण खरी अडचण पुढेच होती. दाजींच्या हातचे कितीतरी सिलिंडर आधीच बाहेर गेले होते. त्यात लहान मुलांच्या शाळेतले सगळे होते. मी मालकांना म्हणालो, ते परत आणू या. मालक म्हणाले, "चोर काढला ना? आता गावभर बोंब मारून धंदा बुडवू नकोस. पुढच्या खेपेला भरायला येतीलच, तेव्हा गुपचूप बदलू."

मी 'बरं' म्हणालो. ताई, त्या 'बरं'ने माझी झोप गेली. दाजीही हेच म्हणत होते ना, आग काय रोज लागते?

म्हणून शुक्रवारी सकाळी मी शाळेत गेलो. तिथल्या मुख्य बाई वर्गात होत्या, त्यांना बाहेर बोलावलं. म्हणालो, "बाई, तुमच्या भिंतीवरच्या एकाही सिलिंडरने आग विझणार नाही. दुसरीकडून भरून घ्या. तोपर्यंत प्रत्येक जिन्यापाशी वाळू ठेवा." त्यांनी विचारलं, "तुमच्या मालकांना ठाऊक आहे, तुम्ही इथे आलात ते?" म्हणालो, "दुपारपर्यंत होईल." मग जिन्यातला पहिला सिलिंडर मी स्वतःच्या हाताने उतरवला. बाकीचे शिपायाने.

दुपारी मालकांना जाऊन सांगितलं. संध्याकाळी माझाही हिशेब झाला. म्हणजे आता दाजी आणि मी, दोघेही घरी.

गर्व करू नये असं आपल्याला शिकवलं आहे. तरी तुझ्यापासून काय लपवू, शाळेच्या फाटकातून बाहेर पडताना माझी मान ताठ होती, आणि अजून आहे. तुझ्या घरात माझ्यामुळे जे झालं त्याचं दुःख आहे. केल्याचं नाही.

भाऊ म्हणायचं की नाही, ते तुझ्यावर सोडून,

तुझा धाकटा